धाकटी आधी, थोरली नंतर

(इंग्लंडमधलं डर्बी. इस्पितळातला बाळंतिणींचा वॉर्ड. दुपार. केरळहून आलेली नर्स लिन्सी, आता स्वतःच बाळंतीण, तिचा नवरा सजी, नऊ वर्षांची डेल्ना आणि पाळण्यातलं बाळ.)

लिन्सी : घ्या ना हातात. किती वेळ नुसते बघत उभे राहणार?

सजी : थांब गं, पुन्हा एकदा हात धुतो. इथली नागरिक आहे ती. आपण बाहेरची माणसं.

लिन्सी : अहो इच्चाया, चेष्टा पुरे.

सजी : चेष्टा नाही. काटा आलाय अंगावर, हे बघ. सकाळी तुला कळा येत होत्या आणि फोनवर आलं, तुला राहायची परवानगी मिळाली, तू इथली कायमची. जेवणवेळेला ही आली, ती थेट नागरिक. ना अर्ज, ना मुलाखत. नुसती रडली, झालं काम.

लिन्सी : आणि मी इतकी वर्षं रात्रपाळ्या केल्या.

सजी : तेच म्हणतोय मी. केवढीशी आहे. नखं बघ, तांदळाची कणी.

डेल्ना : अप्पा, मग माझंही झालं ना? मी तर हिच्या कितीतरी आधी आले.

लिन्सी : तुझं अजून नाही गं पोरी, मोळे.

डेल्ना : का?

लिन्सी : अप्पांना विचार.

सजी : तूच सांग ना.

लिन्सी : नाही. तुम्हीच सांगा.

सजी : आपलं कोट्टयमचं घर आहे ना, ते बांधायला मी गेलो होतो. तुझी आजी, अम्मच्ची म्हणाली, स्लॅबच्या दिवशी मालक उभा नसेल तर मिस्त्री सिमेंट खातो. मग फरशी आली, मग फादरांचा आशीर्वाद, मग गावजेवण. कायमचं व्हायला इथं सलग पाच वर्षं राहावं लागतं, आणि मी सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलो. माझी इथली मागची सगळी वर्षं पाण्यात. आता परत आल्यापासून नव्यानं पाच मोजायची.

डेल्ना : पण घर तुम्ही बांधलंत. मी कुठे बांधलं?

लिन्सी : आईबाप दोघांचं झालं, की मगच मुलाचं होतं.

डेल्ना : मग हिचं कसं झालं? अप्पा तर हिचेपण आहेत.

सजी : ही जन्मली तेव्हा आई इथली कायमची होती. तू जन्मलीस तेव्हा आम्ही इथले कोणीच नव्हतो.

लिन्सी : तरी सांगत होते, स्लॅबला भावाला उभं करा. पाच खोल्यांचं घर, आणि राहतं कोण? राखणीचा कुट्टप्पन संध्याकाळी येतो, दिवे लावतो, जातो.

सजी : सांगत होतीस. माझ्या हौसेपायी पोरगी अडकली, हे काही मनातून जात नाही.

डेल्ना : मला परत पाठवतील?

सजी : नाही गं. व्हिसा आहे आपल्याकडे. फक्त थांबायचं.

डेल्ना : तुम्ही आणि मी, दोघांनी?

सजी : दोघांनी.

डेल्ना : मग चालेल. एकटे असता तर तुम्ही अजून एक घर बांधलं असतंत.

लिन्सी : हसवू नकोस गं, टाके दुखतात.

डेल्ना : हात लावू हिला?

लिन्सी : लाव. हळूच.

डेल्ना : अप्पा, हिनं माझं बोट धरलं. सोडतच नाहीये.

सजी : मग राहा इथेच.