पाठीवरचा ठेका

माझं माहेर काकतीचं, दिलं निपाणीत. सासरी सगळ्या बायका विड्या वळणाऱ्या, मीबी वळत होते. प्राची झाली तवा पापा घेतला की ओठाला मीठ लागायचं, आम्ही म्हणायचो पोर घामट हाय. मग खोकला लागला तो सोडंना. दर थंडीत छाती भरायची, ॲडमिट करायचं, घरी आणायचं, परत तेच. काय सांगू ताई तुम्हाला, कुणी न्युमोनिया म्हणालं, कुणी टीबीची औषधं दिली.

शेवटी बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा घाम तपासला. म्हणाल्या, हे जन्मापासनं हाय, सिस्टिक फायब्रोसिस म्हणतात, हिचा कफ लई घट्ट, त्यात जंतू घर करतात, तो निघाला तरच फुप्फुसं टिकतील. खोकला दाबायचा न्हाय, काढायचा. तंबाखूची धूळ नको म्हणाल्या, म्हणून विड्या सोडल्या, आता शाळेत भात शिजवते. आणि कफ सुटावा म्हणून सकाळ-संध्याकाळ पोरीची पाठ थोपटायची.

झालं. आवाज भिंतीपल्याड जायचा. शेजारची आक्का दारात येऊन म्हणाली, उठल्या उठल्या आजारी पोरीला बडवतीस, आई हायस का कोण? आमचे सासरे, आप्पा, ते तर माझ्या हातचं जेवंनात. मग त्यांनाच बेळगावला घेऊन गेले. आप्पा भजनात पखवाज वाजवतात. डॉक्टरीणबाई थोपटून दाखवत होत्या, आप्पा नुसते त्यांचा हात बघत बसलेले. येताना बसमध्ये म्हणाले, सूनबाई, तुझा हात सपाट पडतोय, म्हणून पोर कळवळती. तळवा वाटीसारखा धर.

तवापासनं थोपटायचं काम त्यांचं. प्राची पालथी पडून वरनं हुकूम सोडती, आप्पा, आता जलद घ्या.

औंदा थुंकीत एक हट्टी जंतू सापडला. एकदा मुरला की निघत न्हाय म्हणे. मशीनीतनं वाफेचं औषध सुरू केलं, मशीनीचं भांडं रोज उकळायचं, कोरडं करायचं. परत थुंकी तपासायला दिली. रिपोर्ट आला, जंतू न्हाय. आप्पा परत परत विचारत होते, व्हय? खरंच न्हाय?

पुन्हा येऊ शकतो, लक्ष ठेवा, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. ठेवू की. आता प्राची पाचवीत हाय. काल न विचारता कबड्डीला नाव देऊन आली. मी आप्पांकडं बघितलं, ते म्हणाले, दम लागला तर बस गं, पण खेळ.

पळू दे, दमू दे, खोकू दे. सगळ्यांची पोरं पळू देत, तशी माझीबी.