वर्षाचा पहिला पाय

(सायगॉनमधली एक गल्ली. चांद्रवर्षाची पहिली सकाळ. आई, लुआ, फाटकाच्या आत. मुलगी दिएप पिशवी घेऊन बाहेर.)

आई : मागे सर. अजून मागे. तुझी सावलीसुद्धा आत पडायला नको.

दिएप : आई, रात्रभर बसमधून आलेय गं. घोटभर पाणी तरी दे.

आई : गजांतून देते. नवरा सोडताना विचारलं होतंस का मला? आता घरात शिरताना विचार.

दिएप : मी नाही सोडलं, त्यानेच...

आई : रडगाणं नको, आज पहिला दिवस आहे. आता विन्हशेठ येतील. भाताच्या गिरण्या, आईबाप हयात, बायको नांदती, पोट हे एवढं सुटलेलं! वर्षातला पहिला पाय अशा माणसाचा पडला की घराला काही कमी पडत नाही. मग तू ये. मागून, गुपचूप.

दिएप : चोरासारखी.

आई : चोर बरा. त्याला पायगुण तरी कुणी विचारत नाही. आणि हे अर्ध्या चड्डीतलं गोरं ध्यान कोण येतंय?

कॉलिन : नमस्कार, आजी. बाजार कुठे? पुस्तकात लिहिलंय, हे शहर कधी थांबत नाही.

आई : आज थांबलंय. वर्षभर धावून धावून एक दिवस घरी बसलंय, आणि तू नेमका आजच गर्दी बघायला आलास! धन्य आहे तुझी. आमची भाषा कुठे शिकलास?

कॉलिन : मेलबर्नला. शेजारी पाववाला इकडचा आहे. सकाळपासून चालतोय. बंद दारं पाहिली, खूप पाहिली. छान आहेत. पण भूक लागली.

दिएप : आई, विन्हशेठची गाडी!

आई : सरक, भिंतीला चिकट! या, या, शेठ... अगं, हा तर समोर न्गाच्या घरात शिरला!

दिएप : मला बघून वळले.

आई : तुला कशाला बघतोय? न्गाकडच्या डुकराच्या मटणाचा वास आला असेल. पोट पाहिलंस ना मेल्याचं?

दिएप : मग यालाच घे आत. कुणाचा तरी पाय पडू दे, म्हणजे मी सुटेन.

आई : याचा? तुला लोक पांढऱ्या पायाची म्हणतात, याचे तर गुडघ्यापर्यंत पांढरेफटक आहेत. काय रे, लग्न झालंय?

कॉलिन : हो. दोनदा.

आई : दोघी नांदतायत?

कॉलिन : दोघी गेल्या. आता मैत्री आहे.

आई : ऐकलंस? तू एक मोडलंस तर तोंड लपवून आलीस. हा दोन मोडून उन्हात दात काढत फिरतोय.

दिएप : तो पुरुष आहे. त्याला शोभतं.

आई : हं. आईबाप आहेत का रे?

कॉलिन : आई आहे. पत्ते खेळते. हरली की मला शिव्या देते.

आई : मग घर चांगलं आहे. ये, आत ये.

कॉलिन : ताई, आधी तुम्ही. पिशवी मी घेतो.

आई : अरे, तिला नको! आधी तू!

कॉलिन : पण ह्या माझ्या आधीपासून उभ्या आहेत.

दिएप : चला हो तुम्ही. मी येते मागून.

कॉलिन : घर तुमचं ना?

दिएप : आईचं.

आई : 'आईचं' म्हणे! या फाटकावर लोंबकळून बिजागरी कुणी मोडली? अजून कुरकुरते.

दिएप : न्गाकाकू खिडकीतून बघतेय. ओढ ना त्याला आत, लवकर!

आई : बघू दे भवानीला. उद्या गल्लीभर सांगेल, लुआच्या घराला पाय मिळेना, म्हणून रस्त्यावरचा गोरा धरला. मला नाही चालायचं. ए पाववाल्याच्या शेजाऱ्या, तू तिथेच थांब. जेवायला मिळेल, पण मागून.

दिएप : मग आधी कोण?

आई : पिशवी नीट धर. रिकाम्या हाताने येऊ नये.

दिएप : आई... आणि वर्ष वाईट गेलं तर? मला बोल लावशील.

आई : लावीन की. रोज लावीन. त्यासाठी तू घरात नको?