आत्याचा नकार

झेरॉक्सच्या दुकानापुढे ही भलीमोठी रांग, आणि त्यात एका मुलीच्या पुढे एक आत्या आणि तिचा कॉलेजातला भाचा. माणसांच्या मुलाखती घ्यायच्या म्हणून त्याचं संशोधन उद्या नैतिकता समितीपुढे जाणार, परवानगी हुकली तर अख्खी सहामाही पाण्यात! त्याची तालीम चालली होती आत्यावरच. उद्या समितीपुढे नंबर मुलीचाही होता, तिने कान टवकारले.

“आत्या, माझा विषय आहे घरच्या माणसांचा आग्रह. मुलाखत देशील? स्वखुशीने हं, सक्ती नाही.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“कारणसुद्धा विचारणार नाही. आभार मानून निघेन.”

“मग नाही.”

“का गं?”

“विचारलंस!”

“अगं पण माझ्यासाठी एवढंही नाही करणार? लहानपणी किती लाड करायचीस! थांब, बाबांनाच सांगतो.”

“सांग. आणि उद्या समितीपुढेही अस्संच बोल.”

“चुकलो. आभारी आहे, आत्या.”

“आता कसं! विचार पुन्हा.”

“म्हणजे हो म्हणशील?”

“आधी विचार तर!”

मागे मुलीने हळूच फोन लावला.

“आई, मला मुलाखत दे म्हणून सकाळी तुला माझी शपथ घातली होती ना? ती सुटली बरं का.”