नील्दाच्या नावाची नळी

विंचुका किडा चावून होणाऱ्या आजाराशी माणसाचं रक्त कसं झुंजतं, याच्या नोंदी निन्फा तीन वर्षं संगणकात भरत होती. त्या दिवशी ती नवे नमुने न्यायला कोचाबांबा शहरातल्या इस्पितळात आली होती. मागच्या बाकावर दोन बहिणी बोलत होत्या.

"नील्दाला आत नेऊन तास झाला गं, कासिमिरा."

"त्या किड्याच्या आजाराने हृदय सुजलंय, वेळ लागणारच. पण ताई, ती रक्त तपासणारी माणसं मिस्के गावात आली होती, तेव्हा तर पोरीला काहीच नाही निघालं! तू तो कागद सगळ्या गल्लीला दाखवलास."

"हळू बोल. ते तिचं रक्त नव्हतं."

"म्हणजे?"

"सुईच्या भीतीने ती परसात जाऊन लपली. तिच्या नावाची चिठ्ठी घेऊन मीच पुन्हा रांगेत बसले. टोचणाऱ्या बाईने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही."

"अगं, तेव्हाच कळलं असतं तर औषध मिळालं असतं!"

"डॉक्टर तेच म्हणाले. आता उशीर झाला म्हणे."

"तू सांगितलंस त्यांना?"

"नील्दा सांगू देत नाही. म्हणते, आई, तुला ओरडतील."

"नील्दाची आई कोण?" आतून हाक आली. दोघी धडपडत उठल्या.

निन्फा कामावर परतली. मिस्केहून आलेल्या रक्ताच्या नोंदींत, निरोगी माणसांच्या यादीत तिने नील्दाचं नाव शोधलं आणि ती ओळ पुसली. आजाऱ्यांच्या यादीत लिहायला मात्र तिच्याकडे नील्दाच्या रक्ताचा एक थेंबही नव्हता.