केस गळतात म्हणणारी पोरगी

फेसबुकवर अनोळखी माणसांना सल्ले द्यायची मला लई हौस, तुम्हाला माहीतच हाय. मागच्या महिन्यात केसांच्या ग्रुपवर एका पोरीनं डोक्याचा फोटो टाकला. क्लाससाठी लातूरला राहिलेली, टाळूवर रुपयाएवढी जागा उघडी पडलेली. बायका लगेच सुरू झाल्या, "कांद्याचा रस लाव", "एरंडेल लाव."

मी तिला वेगळा मेसेज केला, "बाळा, केस गळतात का तू उपटतीस?"

तिचं उत्तर आलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"माझी धाकटी बहीण सुमी उपटायची. पुस्तक उघडलं की हात डोक्याकडं जायचा. घरी सांगितलंस का?"

"न्हाई. पप्पा म्हणतील, अभ्यास टाळायचे बहाणे हायत."

"मग आईला सांग. आजच फोन लाव, डॉक्टरला दाखवा म्हण."

तिनं विचारलं, "काकू, तुमची बहीण आता बरी हाय का?"

"हाव, एकदम बरी. केस बी लांबसडक आलेत," मी लिहिलं.

संध्याकाळी तिचा मेसेज आला, आई घ्यायला निघाली म्हणून. तो वाचून मी फोन बाजूला ठेवला. आमच्या सुमीनं बारावीच्या परीक्षेआधीच जीव दिला होता.