मायचं माहेरपण

दरेकसा स्टेशनावर गाडीला उशीर होता, भांडण मात्र वेळेवर सुरू झालं होतं. माझ्या बाकावर एक म्हातारी, तिचा लेक चैतराम आणि लेक वच्छला.

“सरक ना, दादा. बाक का बापाचा आहे?”

“बापाचंच नाव घ्यायले गोंदियाले चाललो. पंधरा ऑगस्टच्या सभेत सांगतो, जंगल सत्याग्रहात बाबानं इंग्रजांचा कायदा मोडून गवत कापलं, जेलात गेला.”

“बाबानं कधी विळा धरला काय? गवत बायाच कापत. तेव्हा माय कुठं होती, ते सांग.”

“माहेरी. साऱ्या गावाले माहीत आहे.”

“माय, तूच सांग ना, कुठं होतीस?”

“जेलातल्या बाईच्या पोरीले कोणं लगीन करून नेलं असतं, वच्छले? मी माहेरी गेली, हे तुझ्या बापानंच पसरवलं. चैतराम, जेलात मी होती.”