सगळे म्हणतात

ग्रंथालयाच्या रांगेत शिंपीणकाकूंच्या पुढे बारावीतली एक मुलगी उभी होती. टेबलापलीकडे ग्रंथपालबाई चष्मा कपाळावर चढवून तिचं ऐकत होत्या.

"कॉलेजात शोधनिबंध लिहावा लागतो ना, त्याचा सराव करतेय. विषय ठरलाय. आईच्या चुकीमुळे मूल बहिरं जन्मत नाही."

"हा विषय नव्हे गं, हा निकाल झाला. उत्तर आधीच ठरवलंस तर पुस्तकांनी काय नुसत्या माना डोलवायच्या?"

"मग?"

"मूल बहिरं का जन्मतं, असं विचार. आणि चूक आईची, हे म्हणतं कोण?"

"सगळे म्हणतात."

"सगळे नावाचा लेखक आमच्या कपाटात नाही, बाई."

"आजी म्हणते. माझा धाकटा भाऊ बहिरा आहे. तो पोटात असताना आई जिन्यावरून पडली होती. आजी उठताबसता तेच ऐकवते."

"आणि आई?"

"खाली मान घालून ऐकते. तिलाही तसंच वाटतं."

शिंपीणकाकूंनी हातातलं पुस्तक उगाच दुसऱ्या हातात घेतलं.

ग्रंथपालबाईंनी मागच्या कपाटातून एक पुस्तक काढलं. "हे घे, कानाच्या डॉक्टरांनी लिहिलंय. मनाविरुद्धचं पान आलं तरी ते ओलांडायचं नाही."

"आजीचंच खरं निघालं तर?"

"तर तेही लिहायचं. जमेल?"

मुलीनं टेबलावरचं पुस्तक उचललं.

"जमवीन. आईला एकदा खरं काय ते कळू दे."

"ती वाचेल?"

"तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवणार."

"मग वाक्यं छोटी लिही. आणि वाचशील तेव्हा आजीलाही जवळ बसव."